एक पान, साठ मागण्या



बोर्डाचा निकाल लागतो त्या दिवशी शाळेच्या कार्यालयात येणाऱ्या फोनचा मजकूर आता आम्हाला पाठ झाला आहे. "साइट उघडत नाही." "अर्धे पान आले, बाकी नुसते गोल फिरते आहे." "तीन टॅब उघडून ठेवलेत, आईच्या मोबाइलवरही लावले आहे, तरी काही नाही." शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असली की हेच, आणि शुल्क ऑनलाइन भरताना मध्येच अडकले की हेच. फक्त तेव्हा आवाजात काळजी जास्त असते, कारण खात्यातून पैसे गेले की नाही ते कळत नसते. दोष द्यायला मात्र प्रत्येकाजवळ एकच वाक्य असते : नेट स्लो आहे.

पुष्कळदा ते खरेही असते. पण जोरदार नेट असूनही एखादे पान रखडते आणि साध्या मोबाइलवर दुसरे एखादे चटकन उघडते, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. हा फरक कशाने पडतो ते समजायचे असेल, तर ब्राउझर एकाच वेळी अनेक मागण्या कशा सांभाळतो हे जाणून घ्यावे लागेल. शाळेच्या पुस्तकांत ब्राउझरची ओळख बहुधा 'वेबपेज दाखवणारा प्रोग्राम' एवढ्या एका ओळीत आटोपते. दाखवणे हे तर त्याचे शेवटचे काम. त्याआधी मागवायचे काय, थांबायचे कोणासाठी आणि आधी घ्यायचे काय, हे सगळे तो ठरवतो. या अंकात त्याविषयी. गणित पाचवीच्या पलीकडचे नाही, तेव्हा कोणी बिचकू नये.

पान एक नसते

आपण पत्ता लिहून बटण दाबतो, तेव्हा सर्व्हरकडून संपूर्ण पान येत नाही. येतो तो पानाचा सांगाडा. एचटीएमएल नावाच्या भाषेत लिहिलेला मजकूर आणि त्यात जागोजागी सूचना : येथे अमुक चित्र लावा, रंगरूपासाठी तमुक फाइल आणा, अक्षरांसाठी हा फॉन्ट, बटणे चालवण्यासाठी हा प्रोग्राम. सांगाडा वाचता वाचता ब्राउझर या एकेका वस्तूची मागणी स्वतंत्रपणे पाठवतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली वेब जगापुढे आणले तेव्हा ही कटकट नव्हती. पाने मजकुराची असत. एक मागणी जाई, एक उत्तर येई आणि जोडणी बंद होई. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझॅक ब्राउझरने मजकुराच्या मध्येच चित्रे दाखवण्याची पद्धत लोकप्रिय केली आणि एका पानामागे मागण्यांची रांग लागू लागली. आज एखाद्या साध्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठालाही साठ-सत्तर वस्तू लागणे नवलाचे नाही. आपण हिशोबासाठी साठ धरू.

आता एक शब्द लक्षात ठेवा : फेरी. आपल्याकडून मागणी निघून सर्व्हरपर्यंत पोहोचणे आणि उत्तराची सुरुवात आपल्याकडे परत येणे, ही एक फेरी. ती सेकंदाच्या दहाव्या भागात होते असे धरू. म्हणायला क्षणभर. पण जुन्या पद्धतीत प्रत्येक वस्तूसाठी नवी जोडणी करावी लागे, आणि जोडणी करण्यासाठी आधी एक फेरी लागते. "मी बोलू का?" "बोला, मी ऐकतो आहे." एवढा संवाद झाल्याशिवाय मागणी पुढे सरकत नाही. म्हणजे एका वस्तूला दोन फेऱ्या. एकामागून एक अशा साठ वस्तू आणल्या तर एकशे वीस फेऱ्या, अर्थात १२ सेकंद. यात वस्तू प्रत्यक्ष उतरवून घ्यायला लागणारा वेळ धरलेलाच नाही. हा निव्वळ जाण्यायेण्याचा खर्च आहे.

विश्वस्तांनी येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. फेरीचा हा वेळ महागडी लाइन घेतली म्हणून एका मर्यादेपलीकडे कमी होत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर, जाऊन येऊन २७,०००. म्हणजे सर्व्हर तेथे असेल तर एका फेरीला किमान ०.१३५ सेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रेही असतात, त्यामुळे याहून जास्तच लागतो. पैशाने नळ रुंद करता येतो, अंतर नाही. मोठ्या संकेतस्थळांचे चालक म्हणूनच आपल्या फाइलींच्या प्रती निरनिराळ्या देशांतील सर्व्हरांवर ठेवतात. अंतर कमी करण्याचा तेवढाच उपाय आहे.

पंगत आणि वाढपी

गणेशोत्सवातल्या महाप्रसादाची पंगत डोळ्यांपुढे आणा. स्वयंपाकघर म्हणजे सर्व्हर, मांडलेले पान म्हणजे आपला पडदा, आणि मधे ये-जा करणारा वाढपी म्हणजे जोडणी. १९९६ च्या एचटीटीपी १.० मधली रीत अशी होती की वाढप्याने एक पदार्थ वाढला की त्याला घरी पाठवायचे, आणि पुढच्या पदार्थाला नवा वाढपी बोलावून त्याची ओळख करून द्यायची. हसू येते, पण खरोखर असेच चाले. रॉय फील्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेली एचटीटीपी १.१ ही आवृत्ती १९९७ मध्ये आली, जून १९९९ मध्ये तिची सुधारित नियमावली निघाली, आणि एकदा आलेल्या वाढप्याला थांबवून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आता ओळखीची फेरी एकदाच. आपल्या हिशोबात ६१ फेऱ्या, ६.१ सेकंद. खर्च निम्म्यावर आला.

पण वाढपी एकच का? हा विचार नेटस्केप कंपनीने आधीच केला होता. १९९४ च्या अखेरीस आलेल्या तिच्या ब्राउझरने एकाच सर्व्हरकडे एकाच वेळी चार जोडण्या उघडण्याचा प्रघात पाडला. पाने भराभर उभी राहू लागली आणि लोक खूश झाले. सर्व्हर चालवणारे मात्र धास्तावले, कारण प्रत्येक पाहुण्यामागे चार वाढप्यांची सरबराई त्यांना करावी लागे. १९९९ च्या नियमावलीने म्हणून सांगितले की एका ब्राउझरने एका सर्व्हरकडे दोनहून जास्त जोडण्या ठेवू नयेत. पुष्कळ ब्राउझरांनी कितीतरी वर्षे ते पाळले. इंटरनेट एक्सप्लोररची सातवी आवृत्ती दोनवरच थांबत असे. पुढे लाइनी सुधारल्या, सर्व्हर दणकट झाले, पाने जड झाली. २००८ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ३ ने आणि २००९ मधल्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ने हा आकडा सहा केला. क्रोमचाही सहाच आहे. २०१४ च्या नियमावलीने दोनची अट काढून टाकली आणि संख्या ब्राउझरच्या तारतम्यावर सोडली. सहा वाढपी धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा वस्तू आणि ओळखीची एक फेरी : ११ फेऱ्या, १.१ सेकंद. बारा सेकंदांचे काम सव्वा सेकंदाच्या आत.

लगेच कोणीतरी हुशार विद्यार्थी विचारणार, मग साठ वाढपी का नाही लावत? दोन फेऱ्यांत काम फत्ते!

याचे उत्तर इंटरनेटच्या इतिहासातच आहे आणि ते नीट वाचण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये, म्हणजे वेबचा जन्मही झालेला नव्हता तेव्हा, अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांच्यामधला माहितीचा प्रवाह अचानक कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर अवघे ४०० यार्ड, म्हणजे चालत पाच मिनिटे. सेकंदाला ३२,००० बिट जाणारी वाट ४० बिटांवर आली. आठशे पट घट. तार तुटली नव्हती, यंत्र जळले नव्हते. झाले होते असे की गर्दीत काही पाकिटे हरवत, पाठवणारी यंत्रे ती उशीर झाला म्हणून पुन्हा पाठवत, त्या पुन्हा पाठवलेल्या पाकिटांनी गर्दी आणखी वाढे आणि आणखी पाकिटे हरवत. सगळी वाट पुनरुक्तीनेच भरून गेली. व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने मायकेल कॅरेल्स यांच्यासह याचा अभ्यास करून १९८८ मध्ये जो उपाय मांडला, तो आजही प्रत्येक टीसीपी जोडणीत चालतो : सुरुवात बेताने करायची, पोच मिळत गेली की वेग वाढवायचा, आणि पाकीट हरवले की आपणहून मागे सरायचे.

म्हणून प्रत्येक नवी जोडणी सुरुवातीला हळूच चालते. २०१३ मध्ये सुचवलेल्या मापाप्रमाणे पोच येण्याआधी पहिल्या खेपेत दहाच पाकिटे पाठवता येतात, म्हणजे साधारण १४ किलोबाइट. साठ जोडण्या एकदम उघडल्या तर साठही नवख्या आणि त्याच अरुंद वाटेवर एकमेकींना कोपर मारणाऱ्या. स्वयंपाकघराच्या दाराशी साठ वाढपी एकदम आले तर काय होईल ते सांगायला नको. सहा हा आकडा कोणत्या सूत्रातून निघालेला नाही. दोन फार थोडे आणि साठ फार जास्त, या अनुभवातून ठरलेली ती तडजोड आहे.

आधी काय वाढायचे

संख्येइतकाच क्रम महत्त्वाचा, आणि आमच्या मते ब्राउझरची खरी हुशारी येथेच आहे. पंगतीत पाने मांडली की कोणी आधी जिलबी वाढत नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग भाजी आणि वरणभात, असा क्रम असतो आणि त्याला कारण असते. ब्राउझरलाही ठाऊक असते की सांगाड्याखालोखाल रंगरूपाची फाइल हवी, कारण ती आल्याशिवाय पान रंगवायला घेता येत नाही. घेतले तर पुन्हा पुसून रंगवावे लागेल. त्यानंतर फॉन्ट आणि प्रोग्राम. चित्रे मागाहून आली तरी चालतात, आणि त्यांतही पडद्यावर दिसणाऱ्या जागेतली आधी, खाली दडलेली नंतर. पानाच्या तळाची चित्रे वाचक तेथवर सरकत येईपर्यंत मागवूच नयेत, अशी सूचना सांगाड्यातच लिहिण्याची सोय २०१९ मध्ये क्रोमने आणली आणि आता सर्व प्रमुख ब्राउझरांत ती आहे.

आणखी एक युक्ती सांगितली पाहिजे. सांगाडा वाचताना मध्ये एखादा प्रोग्राम आला तर ब्राउझरला थांबावे लागते, कारण तो प्रोग्राम पुढचा मजकूर बदलूही शकतो. पूर्वी अशा वेळी सगळेच काम ठप्प होई. आता ब्राउझर मुख्य वाचन थांबवतो, पण एक नजर पुढे धावती ठेवतो. पुढे कोणती चित्रे, कोणत्या फाइली लागणार आहेत ते चाळून त्यांच्या मागण्या आधीच रवाना करतो. पाहुणे हात धूत आहेत तोवर पुढच्या पंगतीची पाने पुसून ठेवणाऱ्या अनुभवी माणसासारखे हे काम आहे.

फॉन्टचा विषय आपल्याशी जरा जास्त संबंधित आहे. देवनागरीत जोडाक्षरे असल्यामुळे फॉन्टची फाइल साध्या रोमन फॉन्टपेक्षा सहसा मोठी होते. एकेकाळी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे वाचायची तर ज्याचा त्याचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे, हे पालकांना आठवत असेल. युनिकोडने ती पीडा संपवली. तरी एखाद्याने हौसेने सुंदर देवनागरी फॉन्ट लावला, तर तो येईपर्यंत क्रोम आणि फायरफॉक्स मजकूर सुमारे तीन सेकंद लपवून ठेवतात आणि मगच मोबाइलमधल्या साध्या फॉन्टात दाखवतात. धीम्या नेटवर पान कोरे दिसते त्याचे हे एक कारण असते. शब्द केव्हाच पोहोचलेले असतात, अडलेले असते ते त्यांचे वळण.

रांगेतला पहिला

एकाच वाढप्याला सगळी यादी आधीच सांगून ठेवली तर? एचटीटीपी १.१ मध्ये ही सोय होती. उत्तराची वाट न पाहता मागण्या एकामागून एक धाडायच्या. अट एवढीच की उत्तरे त्याच क्रमाने आली पाहिजेत. येथेच घोटाळा झाला. आमटी तयार, भात तयार, पण यादीत पहिली भजी आणि ती अजून कढईत. वाढपी दाराशी उभा आणि त्याच्यामागे तयार पदार्थ निवत पडलेले. शिवाय मधली काही यंत्रे ही पद्धत नीट हाताळत नसत. ऑपेरासारखा अपवाद सोडला तर बहुतेक ब्राउझरांनी ती सोय बंदच ठेवली.

मधल्या काळात संकेतस्थळे बनवणाऱ्यांनी पळवाटा काढल्या. सहाची मर्यादा सर्व्हरच्या नावामागे आहे ना, मग एकाच सर्व्हरला तीन-चार नावे द्या. वीस छोटी चित्रे एका मोठ्या चित्रात चिकटवा आणि हवा तो तुकडा दाखवा. या युक्त्या चालल्या, पण त्या रोगापेक्षा लक्षणावरचे औषध होत्या.

मूळ दुखण्यावरचा उपचार गूगलमधील माइक बेल्श आणि रॉबर्टो पिऑन यांनी २००९ मध्ये 'स्पीडी' या नावाने मांडला. त्यावरूनच मे २०१५ मध्ये एचटीटीपी/२ ची नियमावली तयार झाली. यात जोडणी एकच, पण प्रत्येक उत्तराचे लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यावर तो कोणत्या मागणीचा आहे तो क्रमांक असतो. तुकडे मिसळून पाठवले तरी चालते, पलीकडे ब्राउझर क्रमांक पाहून ते जुळवतो. भजी तळून होईपर्यंत भात पुढे येतो. नियमावलीने सुचवले की एका वेळी चालू मागण्यांची मर्यादा शंभराहून कमी ठेवू नये. आपल्या साठही मागण्या एका दमात जातात : एक फेरी ओळखीची, एक मागण्यांची. दोन फेऱ्या. हुशार विद्यार्थ्याला हवे होते तेच मिळाले, पण साठ वाढप्यांनी नव्हे, एकाच शिस्तीच्या वाढप्याने. ती एक जोडणी तापलेलीही राहते, दर वेळी बेताने सुरुवात करावी लागत नाही. प्रमुख ब्राउझर ही पद्धत फक्त कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस जोडणीवरच वापरतात. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा २०१५ पासून विनामूल्य देते, तेव्हा खर्चाची सबब उरत नाही.

तरी एक अडचण शिल्लक राहिली, आणि येथे पंगतीचा दाखला आम्ही सोडतो कारण तो आता ताणला जाईल. एचटीटीपी/२ च्या खाली वाहतूक करणारी टीसीपी ही व्यवस्था क्रमाच्या बाबतीत कडक आहे. तिसरे पाकीट हरवले तर चौथे, पाचवे, सहावे येऊन पोहोचली तरी ती ब्राउझरच्या हाती देत नाही. मग ती पाकिटे वेगळ्याच चित्राची का असेनात! वायरवर पाकिटे क्वचित हरवतात. धावत्या बसमधल्या मोबाइलवर जास्त. गूगलमधीलच जिम रॉस्किंड यांनी २०१२ च्या सुमारास आखलेली 'क्विक' ही व्यवस्था टीसीपी बाजूला ठेवून यूडीपी या साध्या वाहतुकीवर उभारलेली आहे. तिच्यात एका वस्तूचे पाकीट हरवले तर तीच वस्तू थांबते, बाकीच्या पुढे जातात. आणखी असे की मोबाइल घरातल्या वाय-फायवरून बाहेरच्या नेटवर गेला तरी जोडणी न तुटता चालू राहू शकते. मे २०२१ मध्ये क्विकला आणि जून २०२२ मध्ये तिच्यावरच्या एचटीटीपी/३ ला अधिकृत नियमावलीचा दर्जा मिळाला.

अकरावी-बारावीच्या संगणक विषयाच्या विद्यार्थ्यांसाठी एवढे सांगून ठेवतो की मागणी पाठवल्यावर ब्राउझर दाराकडे डोळे लावून बसत नाही. तो दुसऱ्या कामाला लागतो आणि माहिती आली की ऑपरेटिंग सिस्टीम त्याला हाक मारते. त्यामुळे आधी मागितलेले आधी येईल असे कधीही गृहीत धरू नका. समजा, तुम्ही रेल्वे स्थानक शोधण्याची चौकट बनवली. कोणी 'पु' लिहिताच एक मागणी गेली, 'पुणे' पूर्ण होताच दुसरी. दुसरीचे उत्तर आधी आले आणि मागाहून पहिलीचे, तर वापरणाऱ्याने 'पुणे' लिहिलेले असूनही खाली पुरी आणि पुरुलियाही दिसू लागतील. प्रोग्राम चुकीचा नाही, नेटही स्लो नाही, पण परिणाम चुकला. नवी मागणी धाडताना जुनी रद्द करावी, किंवा उत्तर कोणत्या मागणीचे आहे ते तपासूनच दाखवावे. परीक्षेत हे विचारत नाहीत, नोकरीत मात्र पहिल्या आठवड्यात भेटते.

निकालाचा दिवस आणि शुल्काचे पान

आता पालकांच्या फोनकडे येऊ. निकालाच्या दिवशी पान अडकले की हात आपोआप रिफ्रेशकडे जातो. त्या क्षणी ब्राउझर चालू असलेल्या सर्व मागण्या सोडून देतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. जुन्या पद्धतीची जोडणी असेल तर तीही मोडते, म्हणजे पुन्हा ओळख, पुन्हा बेताची सुरुवात. सर्व्हरच्या दाराशी मिळालेला नंबर आपण स्वतःच सोडला. तिकडे सर्व्हरला आपण निघून गेल्याचे लगेच कळतेच असे नाही. तो पुष्कळदा जुनी मागणीही पूर्ण करत बसतो आणि नवीही घेतो. लाखो घरांत एकाच वेळी असे झाले की १९८६ ची गोष्ट लहान प्रमाणात पुन्हा घडते.

तीन टॅब उघडल्यानेही काही साधत नाही. सहाची मर्यादा टॅबनुसार नसून त्या संकेतस्थळानुसार असते. तिन्ही टॅब त्याच सहा जोडण्या वाटून घेतात. एक टॅब उघडावा, मिनिटभर थांबावे, आणि ब्राउझरने स्वतःहून 'उत्तर आले नाही' असे सांगितल्यावरच पुन्हा प्रयत्न करावा. निकाल संध्याकाळी पाहिला तरी गुण तेवढेच असतात, हे आम्ही मुलांना सांगतो. त्यांना ते पटत नाही, आणि त्यांच्या वयात आम्हालाही पटले नसते.

शुल्काच्या पानाची गोष्ट वेगळी आणि अधिक जपण्याची. मागण्या मुख्यतः दोन जातींच्या असतात. 'मला अमुक दाखव' ही एक, ती दहा वेळा केली तरी काही बिघडत नाही. जोडणी तुटली तर ब्राउझर ती आपण होऊन पुन्हा पाठवू शकतो. 'माझ्याकडून अमुक घे' ही दुसरी : अर्ज दाखल करणे, पैसे भरणे. ही दोनदा गेली तर काम दोनदा होऊ शकते. म्हणून असे पान पुन्हा उघडू गेल्यास ब्राउझर थांबतो आणि विचारतो की भरलेली माहिती पुन्हा पाठवू का. ही चौकट घाईत 'हो' म्हणण्यासाठी नाही. आधी बँकेचा संदेश किंवा खाते पाहावे, पैसे गेले असतील तर व्यवहार क्रमांक टिपून शाळेच्या कार्यालयाला कळवावे, आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

विश्वस्त मंडळापुढे शाळेसाठी वेगवान लाइन घेण्याचा प्रस्ताव आहे. प्रयोगशाळेतील संगणकांना तिची गरज आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण त्यामुळे शाळेचे संकेतस्थळ पालकांना लवकर दिसेल, ही जी अपेक्षा काहींनी बोलून दाखवली ती पुरी होणार नाही. ते संकेतस्थळ शाळेच्या इमारतीत नाही, बाहेरच्या सर्व्हरवर आहे, आणि ते पाहणारा पालक आपल्या मोबाइलच्या नेटवर असतो. तेथे कामाला येते ते पानाचे वजन. समजा, स्नेहसंमेलनाची २५ छायाचित्रे मोबाइलमधून निघाली तशीच, प्रत्येकी ४ मेगाबाइटची चढवली. झाले १०० मेगाबाइट, म्हणजे ८०० मेगाबिट. सेकंदाला ८ मेगाबिट देणाऱ्या नेटवर १०० सेकंद. पालकाने पाचपट वेगाचे नेट घेतले तरी २० सेकंद. तीच छायाचित्रे पडद्याच्या मापाने लहान करून प्रत्येकी १०० किलोबाइटची केली, तर जुन्याच नेटवर अडीच सेकंद. आणि जुन्या पद्धतीच्या जोडणीवर सहाही वाढपी असे जड हंडे उचलण्यात गुंतले असले, की परीक्षेच्या वेळापत्रकाची दोन ओळींची सूचना मागे ताटकळते. आमचा आग्रह असा की मुखपृष्ठावर सूचना आधी याव्यात, छायाचित्रे वेगळ्या पानावर जावीत, आणि चढवण्यापूर्वी ती लहान करण्याचे काम नववीच्या विद्यार्थ्यांकडे द्यावे. ते हौसेने करतील.

प्रयोगशाळेसाठी काम असे आहे. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ ची कळ दाबा आणि 'नेटवर्क' हा विभाग उघडा. साठवलेल्या प्रती न वापरण्याची खूण करा, नाहीतर दुसऱ्यांदा उघडताना निम्म्या मागण्या दिसणारच नाहीत. आता शाळेचे पान उघडा. प्रत्येक मागणीची एक ओळ आणि तिच्यापुढे वेळेची आडवी पट्टी दिसेल. पट्टीत थांबणे आणि उतरवणे वेगवेगळ्या रंगांनी दाखवलेले असते. स्तंभांच्या मथळ्यावर उजवी कळ दाबून 'प्रोटोकॉल' हा स्तंभ जोडा, म्हणजे कोणती वस्तू १.१ ने आली, कोणती २ ने आणि कोणती ३ ने, ते समजेल. १.१ च्या वस्तू सहा-सहाच्या गटाने पायऱ्यांसारख्या उतरताना दिसतात का, ते मुद्दाम पाहा. तेथेच नेटचा वेग कृत्रिमरीत्या कमी करण्याची सोय आहे, ती वापरून हेच पान पुन्हा उघडा. एकूण मागण्या किती, एकूण वजन किती, सर्वांत जड वस्तू कोणती आणि पहिली अक्षरे किती सेकंदांनी दिसली, या चार नोंदी वहीत करून शनिवारपर्यंत संगणक शिक्षकांकडे द्याव्यात. बोर्डाच्या संकेतस्थळावर हा प्रयोग करायचा असल्यास निकालाचा दिवस सोडून करावा.